उन्हाळी शेतकरी बाजार: काय आलंय, काय संपत आलंय (आणि फाटकाबाहेरची पाटी)

चिंचगोळी | ४ मे २०२५, सकाळी ११.५०

गेल्या वर्षी माझी करवंदं हुकली. एका रविवारी लग्न होतं, दुसऱ्या रविवारी कंटाळा केला, आणि तिसऱ्या रविवारी गेले तर पाटीच्या तळाशी चार लोळागोळा झालेली उरली होती. "संपली ताई, आता पुढल्या साली." म्हणून यंदा ठरवलंय की एकही रविवार चुकवायचा नाही, आणि जे दिसेल ते इथे लिहायचं. तुमच्या भागातल्या बाजाराचंही लिहा.

आमचा बाजार कोथरूडच्या बाजूला, एका मोकळ्या मैदानात. रविवारी सकाळी सात ते अकरा म्हणतात, पण साडेनऊनंतर जाणाऱ्याला शिळ्या कोथिंबिरीचा वास तेवढा मिळतो. आजची हजेरी:

अंजीर आहे, पण शेवटचं. पुरंदरचे एक काका येतात, त्यांच्याकडे मीठा बहाराचं, म्हणजे उन्हाळी पिकाचं. देठाशी अजून पांढरा चीक होता म्हणजे पहाटेच काढलेलं. "आणखी दोन रविवार, फार तर तीन," म्हणाले. खाली अंजिराचीच पानं अंथरलेली असतात, ती मी मागून आणते. उपयोग काही नाही, वास छान येतो.

अलिबागचा पांढरा कांदा, वेणी घातलेला. एक वेणी स्वयंपाकघराच्या खिडकीला टांगली आहे. सासूबाई म्हणाल्या, "तोरण का लावलंयस?"

ताडगोळे सोलून देणारा मुलगा आलाय. बोटाने दाबून कोवळे निवडून देतो. जून निघाला तर बदलून देतो, न मागता. सालं टाकू नका, घामोळ्यांवर चोळा.

गवार, दोडका, भेंडी, काकडी, लाल माठ, आंबटचुका. हापूसचे दोन गाळे, दोघांच्याही पाट्यांवर "देवगड".

आणि करवंदं! पण आत नाहीत. फाटकाच्या बाहेर, भिंतीला लागून मुळशीकडची एक मावशी बसते, तिच्या पाटीत. अजून निम्मी लालच आहेत. मापाला स्टीलचा पेला आणि द्यायला पळसाच्या पानाचा द्रोण. मी विचारलं, आत का नाही बसत? तर म्हणाली, "आत कागूद मागत्यात."

कुठला कागद, हे कुणाला माहीत आहे का?

---

शंकासुर | ४ मे, दुपारी १.१५

सातबारा मागत असतील. "शेतकरी ते थेट ग्राहक" ना.

आता एक शंका. गेल्या रविवारी याच बाजारात आतल्या गाळ्यावर मला सफरचंद आणि किवी दिसली. मे महिन्यात सफरचंद विकणारा हा शेतकरी कुठला? शिमल्याचा म्हणावा, तर तिथेही मेमध्ये झाडाला सुपारीएवढी हिरवी फळं असतात. म्हणजे शीतगृहाला सातबारा आहे आणि करवंदीच्या जाळीला नाही.

---

पाटावरवंटा | ४ मे, दुपारी ४.३०

चिंचगोळी, चिवळ आली का गं तुमच्याकडे? आमच्या लातूरला चैत्र-वैशाखात चिवळीशिवाय जेवण नसायचं. बारीक, मुगाएवढ्या पानांची, जमिनीलगत पसरते. घोळीची धाकटी बहीण म्हण. पुण्यात ती दिसली की समजायचं, मराठवाड्यातलं कुणीतरी आलंय.

निवडायला जिवावर येतं, कारण मुळाशी माती फार. पाच पाण्यांतून काढायची, आणि प्रत्येक वेळी भाजी वरून उचलून घ्यायची, पाणी ओतायचं नाही; ओतलं की तळाची रेव परत भाजीत. मग लसणाची फोडणी, हिरवी मिरची, भाजी खाली बसली की वरून डाळीचं पीठ भुरभुरायचं आणि झाकण. ज्वारीची भाकरी हवी. पोळीशी खाल्लीस तर मला सांगू नकोस.

---

देवगडी | ५ मे, रात्री १०.०५

राम राम मंडळी. दिवसभर बागेत होतो, आता वाचलं. "दोघांच्याही पाट्यांवर देवगड" यावर लिहिल्याशिवाय राहवेना.

पाटी लिहायला खडूच लागतो. आमच्या तालुक्यातल्या उत्पादकांच्या सहकारी संस्थेने यंदापासून फळागणिक क्रमांक असलेलं स्टिकर काढलं आहे, ते मागा. नसेल तर लगेच खोटा म्हणून मोकळे होऊ नका, सगळ्यांनी अजून घेतलेलं नाही. पण विचारल्यावर विकणाऱ्याचा चेहरा बघा, त्यातच निम्मं उत्तर मिळतं. जीआय (भौगोलिक मानांकन) मिळताना २०१८ साली रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर या पाच जिल्ह्यांचा हापूस असं ठरलंय. त्यामुळे रत्नागिरीचा हापूस रत्नागिरीचा म्हणून विकायला लाज कसली, तेच कळत नाही. चांगला असतो तोही. (हे घरी सांगू नका.)

दोन प्रश्न विचारा. एक, झाडावरून कधी काढला? दोन, आढीत कितवा दिवस? स्वतः आढी लावणारा माणूस पटकन सांगतो: "मंगळवारी उतरवला, आज सहावा दिवस, गुरुवारी खा." विकत आणून विकणारा "एकदम गोड आहे साहेब" म्हणतो. आम्ही आंबा चौदा आणे तयार झाला की काढतो. सोळा आणे झाडावर ठेवला तर प्रवासात बसतो, बारा आण्याला काढला तर पिवळा होतो पण आंबटच राहतो, सालीला सुरकुत्या पडतात. घळाने (जाळी बांधलेल्या काठीने) देठासकट उतरवायचा, देठ मोडला की चीक फळावर ओघळून काळा डाग पडतो. आढीला भाताचा पेंढा.

कार्बाइडबद्दल दरवर्षी कुणीतरी विचारतंच, म्हणून आधीच सांगतो. कॅल्शियम कार्बाइडने पिकवायला कायद्याने बंदी आहे. इथिलीन वायूला ठरलेल्या मर्यादेत परवानगी आहे, ते फळातही आपसूक तयार होतं. दोन्ही एकच समजून घाबरू नका. सगळी पेटी एकाच पिवळ्या रंगाची, वास नाही आणि आतून फळ कडक, असं असेल तर सरळ पुढे चला.

आंबा दाबून बघू नका, हात जोडतो. तुम्ही दाबता, मागचा दाबतो, संध्याकाळपर्यंत त्याचं भरीत. देठाजवळ नाक न्या.

आणि साका? तो कापल्याशिवाय कळत नाही. वरून सोन्यासारखं फळ, आत कोयीजवळ पांढरा, स्पंजासारखा भाग. मी चाळीस वर्षं आंबा हाताळतोय, मलाही बाहेरून कळत नाही. म्हणून तर वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्राने नीलम आणि हापूसचा संकर करून १९८१ साली "रत्ना" काढला, त्याला साका नाही. आमच्याकडे पंधरा कलमं आहेत. पुण्याला पाठवला तर गिऱ्हाईक विचारतं, "हापूस नाही का?"

---

शंकासुर | ५ मे, रात्री १०.४०

देवगडी, शंका: तुम्ही स्वतः घरी कुठला खाता?

---

देवगडी | ६ मे, सकाळी ६.१०

रायवळ. 😄

खोटं नाही सांगत. हापूस म्हणजे पेटी, पेटी म्हणजे पैसे. डागी निघेल तो घरात, बाकीचा कॅनिंगला. पण पाहुणा नसताना अंगणात बसून खायचा तो बिटकी, म्हणजे छोटा रायवळ, चोखून. आमच्या पडवीमागे तीन झाडं आहेत, तिन्हींची चव वेगळी आणि तिघांना वेगळी नावं. आईने ठेवलेली. एकाचं नाव "साखऱ्या", एकाचं "शेपू", कारण त्याला खरंच शेपूसारखा वास येतो, तिसऱ्याचं इथे लिहिण्यासारखं नाही. रायवळाचं सासव, मोहरी वाटून, गूळ घालून, अख्खे बाठे आत. उरलं की साठं घालायची.

पुण्याच्या बाजारात का येत नाही तर साल पातळ, दोन दिवसांत मऊ पडतो, आणि टेम्पोचं भाडं हापूसला आणि त्याला सारखंच.

---

वऱ्हाडी ठेचा | ६ मे, दुपारी १२.२०

काहून भांडता बाप्पा हापूसवरून. इकडे ४४ डिग्री आहे, आम्हाला टरबूज द्या.

हो, टरबूज. तुमचं कलिंगड. माझ्या लहानपणी वैनगंगेच्या रेतीत डांगरवाड्या असायच्या. पाणी उतरलं की ढिवर मंडळी पात्रात खड्डे करून वेल लावायची, वर झोपडी बांधून राखण करायची. रात्री थंड रेतीत पुरून ठेवलेलं टरबूज सकाळी बुक्कीने फोडायचं. सुरी आणणाऱ्याला आम्ही हसत होतो. आता तिथे डांगराऐवजी रेतीचे ट्रक दिसतात, आणि बाजारातलं टरबूज मल्चिंग पेपरवरचं असतं. गोड असते, खोटं का बोला, पण पंचेचाळीस दिवस रेतीत तापलेल्या फळाची सर नाही.

त्या मावशीवरून आठवलं. गडचिरोलीकडच्या आठवडी बाजारात या दिवसांत चारं येतात. चारोळीचं फळ. काळपट जांभळं, वाटाण्यापेक्षा जरा मोठं. द्रोणात घ्यायची, चोखायची, आणि बी थुंकायची नाही, खिशात ठेवायची. घरी आजी दगडाने फोडून त्यातली चारोळी काढायची. टेंभरंही (तेंदूची फळं) तिथेच. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं. विकणाऱ्या सगळ्या बाया, जमिनीवर गोणपाट टाकून. तिथे कुणी सातबारा मागितला तर अर्धा बाजार उठून जाईल.

---

मांडवातला | ६ मे, रात्री ८.५५

मी दुसऱ्या उपनगरातल्या अशाच एका बाजाराच्या व्यवस्थेला हातभार लावतो, म्हणून दुसरी बाजू लिहितो. शिव्या नंतर घाला.

२०१६ साली फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून बाहेर काढला, तेव्हापासून शहरात असे बाजार वाढले. सुरुवातीला आम्ही कुणालाच काही विचारत नव्हतो. तीन महिन्यांत काय झालं? पहाटे मार्केट यार्डातून माल उचलायचा, आमच्याकडे मांडायचा, डोक्यावर टोपी घालायची, झाला शेतकरी. खरा माणूस, जो सासवडहून बसने दोन पिशव्या मेथी घेऊन येतो, त्याच्याशेजारी यांचा ढीग. भाव पाडून त्याला पळवलं. म्हणून सातबारा आला. मग लोक भावकीतला सातबारा आणू लागले, म्हणून आम्ही पीकपेरा बघायला लागलो: पेऱ्यात ऊस असेल तर तू गवार कुठून आणलीस? तरीही किवी शिरते, हे मान्य. ज्याने नियम बघायचा तो रविवारी सकाळी सातला चहा पीत असतो.

करवंदीवाल्या मावशीची अडचण मला कळते. नियम व्यापाऱ्याला अडवायला केला आणि अडकली ती.

---

शंकासुर | ६ मे, रात्री ९.१०

मांडवातला, शिव्या नाहीत, शंका आहे. करवंद पेरतं कोण? मग पेऱ्यात येणार कुठून? २००६ च्या वनहक्क कायद्यात गौण वनोपज गोळा करून विकण्याचा हक्क जंगलात राहणाऱ्यांना दिलाय. म्हणजे तिच्याकडे हक्क असू शकतो, पण तुमच्या अर्जात त्याचा रकाना नाही.

---

मांडवातला | ६ मे, रात्री ९.३०

रकाना नाही, बरोबर. पण ती वनहक्कवाली आहे की मालकीच्या डोंगरावरून तोडते, हे आपल्याला इथे बसून ठाऊक नाही. मी आमच्या बैठकीत विषय काढतो. एवढंच आज हातात आहे.

---

म्हापशेकार | ८ मे, दुपारी ३.००

धागा आवडला. आमच्या म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराचा मे महिना म्हणजे पुरुमेंताचा महिना. पावसाळ्याची बेगमी. सुकी मासळी, हरमलच्या मिरच्या, सोलां (तुमची आमसुलं), गावठी कांद्यांच्या माळा, फणसाच्या आठळ्या, मिठाच्या पाण्यात मुरवलेल्या छोट्या कैऱ्या. चार महिने पाऊस कोसळत असताना काय खायचं, ते या चार शुक्रवारांत ठरतं. आमची आई यादी करत नसे, बाजारात शिरली की नाकाने खरेदी करायची.

आंबा म्हणाल तर मानकुराद. देवगडीकारांची माफी मागून सांगतो, पहिल्या डझनाचा भाव ऐकून माणूस घरी परत जातो आणि दुसऱ्या शुक्रवारी पुन्हा विचारायला येतो. काजूचा हंगाम संपत आलाय, ओले बिबे (ओले काजूगर) आता शोधावे लागतात. ते मोजून, शेकड्यावर मिळतात. सोलणाऱ्या बायांचे हात बघा एकदा. चिकाने कातडी सोलवटलेली असते, खोबरेल लावून बसतात. नंतर कुणी घासाघीस करणार नाही.

त्या मावशीच्या प्रश्नाचं म्हणाल तर आमच्याकडे खेड्यातल्या बाया पाटी घेऊन जमिनीवर बसतात, पालिकेचा माणूस येतो, सोपो घेतो, पावती देतो. जागेचे पैसे दिले, विषय संपला. पाटीतलं परसातलं की डोंगरावरचं, हे विचारायची पद्धत नाही. बसण्याच्या जागेवरून भांडणं होतात ती वेगळी, आणि ती ऐकण्यासारखी असतात.

---

जर्सीकर वहिनी | ९ मे, सकाळी ७.४५

आमच्या न्यू जर्सीतला बाजार आत्ता कुठे सुरू होतोय. मेमध्ये स्ट्रॉबेरीही धड नाही, शतावरी आणि पालेभाजी. खरी मजा जुलैत: मका, टोमॅटो आणि ब्लूबेरी. ती इथलीच, बरं का. रानातली ब्लूबेरी शेतात लावून विकण्याची सुरुवात याच राज्यात १९१६ साली झाली. त्याआधी तीही तुमच्या करवंदांसारखीच जंगलातून गोळा करून आणायचे. विचार करा, एखाद्याने करवंदीवर तेवढी मेहनत घेतली असती तर!

इथेही "स्वतः पिकवलेलंच विका" असा नियम पुष्कळ बाजारांत आहे, आणि केळी दिसली की आम्हीही शंकासुर होतो.

गेल्या जुलैत एका मेक्सिकन बाईंच्या टेबलावर घोळीच्या जुड्या दिसल्या. "वेर्दोलागास" म्हणाल्या. मी चार जुड्या उचलल्या तर विचारतात, तुम्ही कशी करता? त्या डुकराच्या मांसात शिजवतात, मी ताकातली सांगितली. दोघींनीही तोंडं वाकडी केली आणि दोघी हसलो.

हापूस आमच्याकडे २००७ पासून येतो, विकिरण करून (फळातून कीड येऊ नये म्हणून). भाव लिहीत नाही, देवगडीदादांना चक्कर येईल आणि त्यातला त्यांना किती मिळाला हे कळल्यावर आम्हाला.

---

चिंचगोळी | १८ मे, दुपारी १२.३०

सगळ्यांना उत्तर द्यायचं राहिलं, आधी बातमी: करवंदं पिकली! काळी, टपोरी, वर पांढुरकी झाक. सहा पेले घेतले.

आज लवकर गेले होते, साडेसहाला. मावशी नुकतीच पाटी उतरवत होती. सोबत सून. हातांवर कोपरापर्यंत ओरखडे, काही ताजे. म्हटलं काटे लागतात ना फार? "काटं लागत्यात ते लागत्यात, चिकानं बोटं चिकाटत्यात त्याचाच कटाळा. आन जाळीत खाली बघून हात घालावा लागतो, थंडाव्याला जनावर बसतं." काल दुपारी तोडली, रात्री पानांवर पसरून ठेवली, पहाटेच्या पहिल्या गाडीने आणली. बंद डब्यात ठेवली तर एका रात्रीत पाणी सुटतं म्हणाली, म्हणूनच पाटी आणि द्रोण. मी नेलेला प्लास्टिकचा डबा हळूच पिशवीत परत ठेवला.

घरी आल्यावर मुलाला कोंबडा-कोंबडी शिकवलं. दातांनी अर्धं तोडायचं, आत लाल निघालं तर कोंबडा, पांढुरकं निघालं तर कोंबडी, आधी सांगायचं. नऊ वर्षांचा आहे, पहिल्यांदाच खेळला. वीस करवंदांत बारा वेळा हरला आणि ओठांना चीक चिकटला म्हणून आजीकडे तक्रार. आजी स्वतः खेळायला बसली. ती एकदाही हरली नाही, कसं ते सांगत नाही.

पाटीत कोपऱ्यात थोडी तोरणंही होती, ती रानफळं. पांढरी, मोत्याएवढी. शेजारच्या बाई विचारत होत्या, "हे काय, साबुदाणा?"

पुरंदरच्या काकांचं अंजीर आज संपलं. त्यांच्या गाळ्यावर आता नुसती वांगी.

---

पाटावरवंटा | १८ मे, दुपारी २.००

तोरणं! चाळीस वर्षांत पाहिली नाहीत. पुढच्या रविवारी मी येते, मला फाटकापाशी भेट.

सहा पेले करवंदं काय करणार? दोन पेले अर्धकच्ची असतील त्यांचं लोणचं घाल. मधे चीर देऊन मीठ लावून रात्रभर ठेव, पाणी काढ, मग कैरीच्या लोणच्याचा मसाला. पिकलेल्यांचं सरबत करताना मिक्सर जपून फिरव, बिया भरडल्या तर कडवटपणा येतो.

कुणाला कोकणातून रातांबे मिळाले तर अमृत कोकम घाला, आठवड्याचं काम आहे. धुऊन पुसून अर्धे कापायचे, बिया काढायच्या, सालांच्या वाट्या होतात. त्या वाट्यांत साखर दाबून भरायची आणि काचेच्या बरणीत थर लावायचे. सालांच्या वजनाच्या दुप्पट साखर, हात आखडायचा नाही. वर दादरा बांधून उन्हात. रोज एकदा हलवायचं. सातआठ दिवसांत साखर विरघळून रक्तासारखा पाक होतो, गाळून ठेवायचा. ऊन मात्र कडक हवं.

---

चिंचगोळी | २५ मे, सकाळी ९.१५

ऊन कडक हवं म्हणालात ना काकू. बघताय ना बाहेर? हा पाऊस आहे की आषाढ?

आज मैदानात घोटाभर चिखल. वीस-पंचवीस गाळ्यांपैकी सात आले होते. ताडगोळेवाला नाही. पालेभाजी होती ती भिजून काळी पडलेली. मावशी नाही. पाटावरवंटा काकू छत्री घेऊन फाटकापाशी अर्धा तास उभ्या होत्या. शेवटी आम्ही दोघींनी चहा घेतला आणि एकेक दुधी घेऊन घरी.

---

देवगडी | २६ मे, रात्री ९.३०

इकडे तर कालच पाऊस लागला म्हणून जाहीर झालं. मुंबईला आज. मे महिन्यात! मृगाला अजून बारा-तेरा दिवस. पाऊस पडला की फळमाशी आणि डाग, कॅनिंगवालाही हात आखडतो. झाडावर उरलं होतं ते सोडून दिलं. यंदा आमच्याकडे पीक मुळातच कमी होतं, त्यावर हे. रातांबे तर ऐन पिकण्यात, सोलं वाळवायला ऊन नाही. घरात पंख्याखाली पसरली आहेत, चालायला जागा नाही.

साखऱ्याचा मात्र आज शेवटचा आंबा पोराने पावसात भिजत आणला.

---

वऱ्हाडी ठेचा | २७ मे, सकाळी ८.००

नवतपात (उन्हाळ्यातल्या सगळ्यात तापत्या नऊ दिवसांत) पाऊस. आमचे कूलर गपचूप बसलेत. पापड-कुरडया अर्ध्या वाळल्या, अर्ध्या बुरसल्या. आईसमोर पावसाचं कौतुक करू नका.

---

चिंचगोळी | ८ जून, दुपारी १.००

दोन रविवार सुने गेल्यावर आज बाजार परत भरला. वटपौर्णिमा मंगळवारी, म्हणून गर्दी. आणि मावशी आली!

करवंदं गेलीच. "पावसानं झोडली, जाळीखाली सडा पडलाय," म्हणाली. आज जांभळं, फणसाचे गरे आणि वडाच्या फांद्या. फांद्यांवर पाटावरवंटा काकूंनी तिला दोन गोष्टी सुनावल्या, की झाड तोडून पुजायचं कशाला. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मी न्हाई आनली तं दुसरी आनंल, आजी." काकू गप्प. मग जांभळं दीड किलो घेतली.

पण सांगायचं ते वेगळंच. ती आज आत बसली होती! पुरंदरच्या काकांचा अंजिराचा हंगाम संपला, वांगी पावसात गेली, गाळा अर्धा रिकामा. त्यांनी तिला टेबलाचा अर्धा भाग दिला. व्यवस्थेतला एक जण येऊन कागद मागून गेला. काका म्हणाले, "माझा सातबारा आहे की, टेबल माझं आहे, बघ." तो म्हणाला, हे नियमात बसत नाही. काकांनी त्याला चार जांभळं दिली. तो जांभळ्या तोंडाने पुढच्या गाळ्याकडे गेला.

---

शंकासुर | ८ जून, दुपारी १.२०

म्हणजे आता काकांच्या पीकपेऱ्यात जांभूळ लावायचं का?

---

मांडवातला | ८ जून, रात्री १०.००

आमच्या बैठकीत विषय निघाला. दोघे अनुकूल, दोघे म्हणाले "उद्या सगळेच जंगलातून आणलं म्हणतील", बाकीच्यांनी मोबाइल बघितला. पुढच्या फेब्रुवारीत, हंगामाआधी, परत मांडणार आहे. शंकासुर, तुम्ही येता का बैठकीला? चहा मिळतो.

---

शंकासुर | ८ जून, रात्री १०.०५

किती वाजता?

---

पाटावरवंटा | ९ जून, सकाळी ६.३०

जांभळाच्या बिया टाकू नका. धुऊन वाळवत ठेवल्या आहेत, ऊन पडलं तर. चिंचगोळी, मावशीच्या सुनेला विचारून ठेव, तोरणं पुढच्या साली कोणत्या आठवड्यात येतील. मी वहीत लिहून ठेवते.